बोस्टन १७२१: देवीची साथ, दंडावरची एक खूण आणि गावभर पेटलेलं भांडण

देवीच्या लशीचा विषय निघाला की आपण सगळे जेनर, गवळण आणि १७९६ साल इथूनच सुरुवात करतो, शाळेत तेवढंच शिकवलेलं असतं. मला मात्र त्याच्या ७५ वर्षं आधीचं, अमेरिकेतल्या बोस्टनचं एक प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे लस नव्हती, लशीच्या आधीची पद्धत होती, म्हणजे देवीच्या रोग्याच्या फोडातला पू घ्यायचा आणि धडधाकट माणसाला टोचायचा. ऐकूनच अंगावर काटा येतो, तसाच तेव्हा बोस्टनकरांच्याही आला. पण त्या एका वर्षात तिथे ज्ञान कुठून आलं, कुणी ऐकून घेतलं, कुणी धुडकावलं, कुणाच्या अंगावर आधी करून बघितलं आणि शेवटी खरं काय ते कसं ठरलं, हे सगळं इतकं स्पष्ट दिसतं की हे प्रकरण नीट सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी गाव समजून घ्या. १७२१ चं बोस्टन म्हणजे साधारण ११,००० वस्तीचं बंदर, आपल्या आजच्या हिशेबात तालुक्याच्या गावापेक्षाही लहान, पण इंग्रजांच्या उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींमधलं तेव्हाचं सगळ्यात मोठं शहर तेच. लंडनमध्ये देवी कायमच मुक्कामाला असायची, लहानपणीच येऊन जायची, जगला तो जगला. बोस्टनमध्ये तसं नव्हतं. तिथे ती जहाजातून यायची, गावातून एक फेरी मारायची आणि मग कित्येक वर्षं गायब व्हायची. आधीची मोठी साथ १७०२ ची, म्हणजे १९ वर्षं होऊन गेलेली. तेव्हा १९ वर्षांखालचं जवळजवळ प्रत्येक पोर असं होतं की ज्याला देवी कधी आलेलीच नाही, शिवाय मधल्या काळात बाहेरून येऊन वसलेले मोठे लोक वेगळेच. ज्यांना एकदा देवी येऊन गेली ते निर्धास्त, कारण ती पुन्हा येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्यांना आली नाही ते बंदरात प्रत्येक जहाज लागलं की धास्तावलेले.

२२ एप्रिल १७२१ ला सीहॉर्स नावाचं ब्रिटिश आरमाराचं जहाज वेस्ट इंडिजकडून येऊन बंदराला लागलं आणि देवी त्याच्याबरोबर आली. गावाचा कारभार सिलेक्टमन म्हणजे गावाने निवडलेले पंच बघायचे, त्यांनी माहीत होतं ते सगळं केलं, रोग्यांना बेटावर ठेवलं, ज्या घरात रोगी सापडला त्याच्या दारावर लाल कापड लावलं, पहारे बसवले. मेच्या सुरुवातीला एक-दोन रोगी होते, महिनाअखेरीला आठ घरं झाली, आणि मग मोजायचं कुणी आणि पहारे बसवायचे किती घरांसमोर अशी गत झाली. पहारे उठवले. जूनच्या मध्यापर्यंत हजारभर लोक गाव सोडून गेले होते. ज्यांना जाणं परवडत नव्हतं ते राहिले.

आता इथे कॉटन मॅदर येतो. हा बोस्टनमधला मोठा पाद्री, वय ५८, प्रचंड वाचन, प्रचंड लिखाण, लंडनच्या रॉयल सोसायटीशी, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेशी, पत्रव्यवहार. पण गावात त्याच्याबद्दल सगळ्यांचं मत चांगलं होतं असं नाही, कारण १६९२ मध्ये सेलम गावात चेटकिणी म्हणून लोकांना फाशी दिलं गेलं त्या खटल्यांची त्याने बाजू घेतली होती आणि ते लोक विसरले नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. दुसरं म्हणजे साथीचा रोग म्हणजे काय हे या माणसाने घरात बघितलं होतं. १७१३ च्या गोवराच्या साथीत पंधरवड्याच्या आत त्याची बायको गेली, नुकतीच जन्मलेली जुळी गेली, दोन वर्षांची मुलगी गेली, घरात काम करणारी मोलकरीण गेली. एका घरातून पाच जणं. त्याला एकूण १५ मुलं झाली, त्यातली फक्त दोन त्याच्या मागे जगली. सेलमच्या बाबतीत तो चुकला आणि वाईट चुकला असं मला वाटतं, पण १७२१ मध्ये तो जे वागला ते समजून घ्यायला ही पाच प्रेतं डोळ्यांसमोर ठेवायला लागतात.

आणि या सगळ्याच्या आधीची, खरी सुरुवात. १७०६ मध्ये मॅदरच्या चर्चमधल्या मंडळींनी वर्गणी काढून त्याला भेट दिली, ती भेट म्हणजे एक माणूस. पश्चिम आफ्रिकेतून आणलेला तरुण गुलाम. मॅदरने त्याचं नाव ठेवलं ओनेसिमस, बायबलमधल्या एका गुलामाचं नाव, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'उपयोगी'. आईबापांनी ठेवलेलं त्याचं नाव मॅदरच्या कागदांत कुठेच नाही. गुलाम विकत घेताना त्याला देवी येऊन गेली आहे का हे विचारायची पद्धतच होती, येऊन गेली असेल तर किंमत जास्त, कारण तो आता त्या रोगाने मरणार नाही. मॅदरनेही एकदा त्याला तेच विचारलं. ओनेसिमसने उत्तर दिलं, हो आणि नाही. मग त्याने समजावून सांगितलं, की आमच्याकडे देवीच्या फोडातला रस काढून कातडीला चीर देऊन तिथे लावतात, थोड्याशा देवी येतात, आणि मग माणूस जन्मभर मोकळा, ज्याच्यात ते करून घ्यायची हिंमत आहे त्याला पुन्हा या रोगाची भीती नाही. आणि त्याने दंडावरची खूण दाखवली.

हे वाचताना मला माझ्या आईचा दंड आठवतो. तुमच्याकडेही घरात १९७० च्या आधी जन्मलेलं कुणी असेल तर त्यांच्या दंडावर बघा, रुपयाएवढा, जरा खोलगट, चुरगळल्यासारखा गोल डाग असतो. "देवी काढल्या होत्या तेव्हाचा" असं आई सांगते. तिच्या डागामागे लस होती आणि ओनेसिमसच्या खुणेमागे खऱ्या देवीचा पू, फरक मोठा आहे आणि त्याबद्दल पुढे बोलूच, पण खूण दाखवून 'मला आता काही होणार नाही' असं सांगणं मात्र तेच.

मॅदरचं मला सगळ्यात जास्त काय पटलं तर त्याने हे ऐकून सोडून दिलं नाही. बोस्टनमधल्या इतर आफ्रिकन लोकांना त्याने विचारलं, वेगवेगळ्यांना, आणि सगळे तेच सांगत होते, पद्धत तीच, परिणाम तोच. मग लंडनहून येणाऱ्या रॉयल सोसायटीच्या अंकात त्याला इमॅन्युएल टिमोनी नावाच्या डॉक्टरचा १७१४ चा लेख सापडला, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये हेच करतात असं सांगणारा. पश्चिम आफ्रिका आणि तुर्कस्तान, दोन लांबच्या जागा आणि गोष्ट एकच. (बंगालमध्येही 'टीका', म्हणजे अशी टोचणी, देणारे लोक गावोगाव फिरून हेच करायचे, चीनमध्ये खपल्यांची पूड नाकात फुंकायचे, पण त्यातलं मॅदरच्या हातात काही नव्हतं.) १२ जुलै १७१६ ला त्याने लंडनला पत्र लिहून कळवलं की टिमोनीचा लेख वाचायच्या आधीच मला हे माझ्या नोकराकडून कळलं होतं, आणि बोस्टनमध्ये पुन्हा देवी आली तर मी इथल्या डॉक्टरांपुढे हा विषय काढणार. त्याच वर्षी ओनेसिमसने पैसे देऊन आपल्या जागी दुसरा गुलाम घ्यायची सोय करून दिली आणि अर्धवट स्वातंत्र्य मिळवलं. अर्धवट म्हणजे बोलावलं की कामाला यायचं ही अट होतीच.

पाच वर्षांनी देवी आली आणि मॅदरने शब्द पाळला. ६ जून १७२१ ला त्याने गावातल्या डॉक्टरांना पत्र पाठवलं, की हे असं असं आहे, तुम्ही एकत्र बसून विचार करा. कुणी विचार केला नाही. एकट्या झॅब्डिएल बॉयल्स्टनने केला.

बॉयल्स्टन कॉलेजात शिकलेला डॉक्टर नव्हता. वडिलांच्या हाताखाली शिकलेला, औषधाचं दुकान चालवणारा, हाताने मात्र तयार, मूत्राशयातले खडे काढणं, स्तनातली गाठ काढणं अशी अवघड ऑपरेशन्स त्याने त्या काळात, भूल नसताना केलेली होती. १७०२ मध्ये त्याला स्वतःला देवी येऊन तो मरता मरता वाचला होता. म्हणजे स्वतःवर प्रयोग करून बघायची सोय नव्हती. मग २६ जूनला त्याने घरातल्या तिघांना टोचलं, आपला सहा वर्षांचा मुलगा थॉमस, घरातला ३६ वर्षांचा गुलाम जॅक, आणि अडीच वर्षांचा जॅकी, तोही गुलाम. दंडावर आणि पायावर चीर द्यायची, त्यात पुवात भिजवलेला कापडाचा धागा ठेवायचा, वर पट्टी बांधायची. सहा-सात दिवस काही नाही. मग पोरांना ताप भरला. थॉमस तापाने फणफणला, बॉयल्स्टनने पुढे लिहिलंय की त्या दिवसांत तो पार घाबरला होता, आणि का नाही घाबरणार, आपल्या हाताने आपल्या पोराला देवी दिली होती. मग अंगावर मोजके फोड आले, ताप उतरला, तिघेही बरे झाले. जॅकला तर जेमतेम काही झालं, बहुतेक त्याला आधीच कधीतरी देवी येऊन गेली असावी असं बॉयल्स्टनचंच मत.

या पहिल्या तिघांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपण हे वाचताना पटकन म्हणतो, केवढं धाडस, स्वतःच्या मुलावर केलं. धाडस होतंच. पण तिघांतल्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायची गरज आहे असंही कुणाला वाटलं नव्हतं, आणि मुलाला तरी कुठे विचारलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला न्यूगेटच्या तुरुंगातल्या सहा फाशीच्या कैद्यांना टोचून बघितलं, वाचलात तर सुटका या बोलीवर. ते सहाही वाचले आणि सुटले. लेडी मेरी वोर्टली मॉन्टेग्यू या इंग्रज राजदूताच्या बायकोने मात्र तुर्कस्तानात असताना स्वतःच्या मुलाला आणि १७२१ च्या एप्रिलमध्ये लंडनला मुलीला टोचून घेतलं होतं, म्हणजे समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच वर्षी, एकमेकांना माहीत नसताना हेच चाललं होतं.

बातमी फुटली आणि गाव पेटलं. बॉयल्स्टनने लपवलंही नाही, त्याने जुलैमध्ये पेपरात छापून सांगितलं की मी हे करतोय. १७ जुलैला त्याने आपल्या १३ वर्षांच्या दुसऱ्या मुलाला टोचलं, बाहेरचे लोकही यायला लागले. २१ जुलैला पंचांनी त्याला बोलावून घेतलं. तिथे डालहॉन्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने शपथेवर सांगितलं की इटलीत सैन्यात असताना मी १३ सैनिकांवर हे केलेलं बघितलंय, चार मेले, सहा मरता मरता वाचले. पंचांनी बॉयल्स्टनला हे बंद कर म्हणून बजावलं. त्याने बंद केलं नाही.

विरोधकांचा म्होरक्या होता विल्यम डग्लस. स्कॉटलंडचा, आणि डॉक्टरकीची खरी डिग्री असलेला बोस्टनमधला एकमेव माणूस. गंमत बघा, टिमोनीचा लेख ज्या अंकात होता तो अंक मॅदरला वाचायला दिला होता तो याच डग्लसने, आणि भांडण सुरू झाल्यावर त्याने तो परत घेतला आणि दुसऱ्या कुणाला द्यायला नकार दिला. ऑगस्टमध्ये जेम्स फ्रँकलिनने 'न्यू इंग्लंड कूरंट' नावाचा नवा पेपर काढला आणि पहिल्या अंकापासून तो टोचणीवर तुटून पडला. त्या छापखान्यात त्याचा १५ वर्षांचा धाकटा भाऊ उमेदवारी करत होता, पुढे शास्त्रज्ञ आणि राजकारणी म्हणून गाजलेला बेंजामिन फ्रँकलिन. त्याच्याकडे परत येऊ.

इथे एक गोष्ट आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलटी आहे. आपल्याला वाटतं धर्मवाले आडवे येतात आणि डॉक्टर विज्ञान पुढे नेतात. बोस्टनमध्ये सहा पाद्री, मॅदर आणि त्याचे ८२ वर्षांचे वडील धरून, पेपरात सही करून बॉयल्स्टनच्या मागे उभे राहिले आणि डॉक्टर लोक विरोधात. धर्माचा मुद्दा दोन्हीकडून वापरला गेला, कुणी म्हणे देवाने द्यायचा रोग माणसाने द्यायचा म्हणजे 'हत्या करू नकोस' ही आज्ञा मोडणं, कुणी म्हणे देवानेच सुचवलेला उपाय नाकारणं हे पाप. मला वाटतं ज्या सामान्य लोकांनी विरोध केला त्यांच्या मनात यापेक्षा साधी गोष्ट होती, की सेलममध्ये ज्यांनी आम्हाला खात्रीने सांगितलं होतं तेच आज पुन्हा खात्रीने सांगताहेत. विश्वास एकदा गेला की खरं बोललेलंही लोकांना खरं वाटत नाही, आणि याचा दोष लोकांना देता येत नाही.

आणि डग्लस मूर्ख नव्हता, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण या प्रकरणावर बोलताना त्याला सरसकट खलनायक करतात. त्याचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. टोचलेल्या माणसाला सौम्य का होईना खरीच देवी येते, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागते ती सौम्य नसते, पूर्ण ताकदीची असते. बॉयल्स्टन टोचलेल्यांना वेगळं ठेवत नव्हता, लोक त्यांना भेटायला येत-जात होते. म्हणजे टोचून घेणारा स्वतःचा जीव वाचवतोय आणि शेजाऱ्याच्या पोराचा धोका वाढवतोय. शेजाऱ्याला राग येणारच. शिवाय डग्लस म्हणत होता की आधी काळजीपूर्वक तपासा, मग माणसांवर करा. आज आपणही तेच म्हणू. पण पुरावा कुणाचा धरायचा इथे तो घसरला. आफ्रिकन लोकांच्या साक्षीबद्दल त्याने लिहिलं की यांच्याइतकी खोटारडी जात पृथ्वीवर नाही. अनेक जणं, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट सांगताहेत आणि प्रत्येकाच्या दंडावर खूण आहे, एवढा पुरावा समोर असून तो त्याने बघितलाच नाही, सांगणारा कोण आहे एवढंच बघितलं.

दरम्यान लोक मरत होते. सप्टेंबरमध्ये प्रेतयात्रांच्या घंटांचा आवाज इतका सतत व्हायला लागला की घंटा किती वाजवायच्या यावर पंचांनी मर्यादा घातली. ऑक्टोबर सगळ्यात भयंकर, त्या एका महिन्यात ४०० च्या वर माणसं गेली. ११,००० च्या गावात एका महिन्यात ४००. त्याआधीची, ऑगस्टमधली गोष्ट, हार्वर्डमध्ये शिकणारा मॅदरचा मुलगा सॅम्युएल १४ वर्षांचा होता, त्याच्या खोलीतला मित्र देवीने मेला, तो घरी येऊन बापाला म्हणाला मला टोचा. मॅदर गावाला छापून छापून सांगत होता आणि स्वतःच्या मुलाच्या वेळी अडखळला, डायरीत त्याची घालमेल आहे, टोचलं आणि दगावला तर लोक काय म्हणतील, न टोचता दगावला तर मी स्वतःला काय म्हणू. शेवटी टोचलं. मुलगा बराच आजारी पडला पण वाचला.

१४ नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास मॅदरच्या घरात खिडकीतून पेटता ग्रेनेड टाकला गेला. त्या खोलीत त्याचा भाचा झोपला होता, रॉक्सबरीचा पाद्री, टोचून घेऊन बरा होत असलेला. खिडकीच्या लोखंडाला आपटून वात निखळली म्हणून तो फुटला नाही. त्याला चिठ्ठी बांधलेली होती, मॅदर, कुत्र्या, घे, याने तुला टोचतो, अशा अर्थाची. बॉयल्स्टनला तर १४ दिवस घरातल्याच एका चोरजागेत लपून राहायला लागलं होतं आणि ते फक्त बायकोला माहीत होतं, असं पुढे सांगितलं जायचं.

१७२२ च्या फेब्रुवारीपर्यंत साथ ओसरली आणि पंचांनी घरोघर मोजणी केली. आता आकडे.

गावात सुमारे ५,९०० लोकांना देवी आली, म्हणजे निम्म्याहून जास्त गावाला. त्यातले ८४४ मेले. सातातला एक. बॉयल्स्टनने टोचले अडीचशेच्या आसपास, त्यातले मेले सहा. चाळिसातला एक. आणि त्या सहांतल्या काहींना टोचायच्या आधीच देवी लागलेली असावी असं त्याचं म्हणणं होतं, पण त्याने ते सहा वगळले नाहीत, हिशेबात धरले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

हिशेब कच्चा आहे का, आहे. टोचून घ्यायला जे आले त्यात पाद्री, त्यांच्या घरचे, हार्वर्डचे लोक, खाऊनपिऊन सुखी असणारे बरेच, आणि ज्यांना साधी देवी आली त्यात गरीब, आधीच आजारी असलेले, सगळेच. म्हणजे दोन्ही गट सारखे नव्हते. आजच्या कुठल्याही स्टॅटिस्टिक्सच्या विद्यार्थ्याला हे दिसेल. पण बॉयल्स्टनने निवडून निवडून तगडी माणसं घेतली नव्हती, त्याच्या नोंदींमध्ये तान्ही मुलं आहेत, म्हातारे आहेत, गरोदर बायका आहेत, आधीपासून खंगलेले लोक आहेत. आणि फरक इतका मोठा आहे की गटांमधल्या फरकाने तो सगळा भरून निघत नाही. पुढच्या साथींमध्ये तोच फरक पुन्हा पुन्हा दिसला. १७५२ ला बोस्टनमध्ये दोन हजारांवर लोकांनी टोचून घेतलं, त्यातले ३० च्या आसपास मेले, साध्या देवीने साडेपाच हजारांतले ५०० च्या वर. तोपर्यंत डग्लसनेही टोचणी मान्य केली होती, १७३० च्या साथीतच त्याचा सूर बदलला होता.

असं का होत असेल, तर देवी एरवी श्वासातून लागते, नाकाघशातून आत शिरून अंगभर पसरते आणि शरीराला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. कातडीतून दिली की ती सुरुवातीला तिथेच चिरेच्या आसपास वाढते, तेवढ्या वेळात शरीराची लढायची तयारी होते. ओनेसिमसच्या लोकांना व्हायरस म्हणजे काय हे माहीत नव्हतं, बॉयल्स्टनलाही नव्हतं. पण काय केलं की काय होतं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

या आकड्यांकडे बघताना मला मात्र ते सहा जण डोळ्यांपुढून हलत नाहीत, आणि बोस्टनच्या लोकांच्याही हलले नसणार. ८४४ जणांना रोगाने मारलं, त्याला कुणी जबाबदार नाही. सहा जणांना बॉयल्स्टनच्या हाताने मारलं. प्रत्येकाच्या घरच्यांना नाव माहीत होतं, चेहरा माहीत होता. मुलाला लस द्यायला नेताना आजही पोटात गोळा येतो तो याच कारणाने, आपण काही केलं आणि झालं तर ते आपल्यामुळे, नाही केलं आणि झालं तर नशीब.

याचं उत्तर फ्रँकलिनने दिलंय, त्या छापखान्यातल्या पोराने. १७३६ मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा देवीने गेला. टोचलेला नव्हता. तो आधी अतिसाराने आजारी होता म्हणून टोचायचं पुढे ढकललं होतं, आणि मधल्या मध्ये देवीने गाठलं. म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने लिहिलं की मी त्याला टोचलं नाही याचा मला कडवट पश्चात्ताप झाला आणि अजून होतोय, आणि हे मी अशा आईबापांसाठी लिहितोय जे म्हणतात टोचल्याने मूल गेलं तर आम्ही स्वतःला कधी माफ करणार नाही, माझ्याकडे बघा, दुखणं दोन्हीकडे सारखंच आहे, तेव्हा ज्यात धोका कमी ते करा. ज्या पेपराने टोचणीची नालस्ती केली तो पेपर याने हाताने छापलेला, गल्लीत विकलेला.

डग्लसचा मुद्दा, टोचलेल्याकडून दुसऱ्याला लागण्याचा, तो मात्र या पद्धतीत कधीच सुटला नाही. वेगळं ठेवण्याची ठिकाणं काढली, नियम केले, जॉर्ज वॉशिंग्टनने १७७७ मध्ये आख्ख्या सैन्याला टोचायचा हुकूम दिला तेव्हाही तुकड्या वेगळ्या ठेवूनच ते केलं. तो सुटला १७९६ मध्ये. एडवर्ड जेनर, ज्याला स्वतःला आठव्या वर्षी जुन्या पद्धतीने टोचलेलं होतं, त्याने १४ मेला सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला रस जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. तो रस गाईच्या देवीचा. ती टोचलेल्या माणसापासून हवेतून कुणाला लागत नाही. आणि पुढे जुलैमध्ये जेनरने फिप्सला खरी देवी टोचून बघितली, जुनी बोस्टनचीच पद्धत, तर काही झालं नाही. म्हणजे लस सिद्ध करायलासुद्धा आधीची टोचणी लागली. फिप्स जेनरच्या माळ्याचा मुलगा.

तिथून सहा वर्षांनी ती लस आपल्याकडे पोचली. फ्रीज नाही, काही नाही, व्हिएन्नाहून कॉन्स्टॅन्टिनोपल, बगदाद, बसरा, माणसाच्या दंडावरून माणसाच्या दंडावर, आणि १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. हिंदुस्थानात लस लागू पडलेली ती पहिली. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी मुलांना दिली, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी ती पसरली. आपल्या आजी-पणज्यांच्या दंडांकडे येणारी वाट त्या एका मुलीवरून जाते.

बॉयल्स्टन १७२४ मध्ये लंडनला गेला, १७२६ ला त्याने आपल्या सगळ्या रोग्यांचा वृत्तांत छापला, वय, तारीख, काय झालं, कोण मेलं, सगळं, आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला फेलो केलं. मग तो परत येऊन रोग्यांकडे आणि नंतर शेतीकडे, घोड्यांकडे वळला आणि १७६६ ला वयाच्या ८७ व्या वर्षी गेला. ब्रुकलाईनच्या जुन्या दफनभूमीत त्याची कबर आहे, तिच्यावर कोरलंय की अमेरिकेत टोचणी पहिल्यांदा याने आणली. जॅक आणि जॅकी त्याच्या पुस्तकातल्या पहिल्या नोंदीत आहेत, थॉमसच्या शेजारी, २६ जून १७२१.